नंजनगूडच्या गाडीची धूळ

जगात स्वच्छतेची आवड असलेली माणसं पुष्कळ असतील, पण घाण कशी असावी, कुठं असावी आणि किती असावी याची आमच्या म्हैसूरच्या घरमालकांइतकी नाजूक समज असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. स्वतः ते कमालीचे टापटीप. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेला भांग, आणि नखं अशी की कुठल्याही लग्नात वाढायला उभं करावं. घाण लागायची ती त्यांच्या इंजिनांना. वीतभर लांबीची ही डिझेल इंजिनं ते रेल्वेच्या खऱ्याखुऱ्या इंजिनांबरहुकूम करत, आणि केल्यावर ती मळवत. दुकानातून आणलेलं चकचकीत मॉडेल त्यांना नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखं वाटे. गोड खरं, पण अजून स्वभाव आलेला नाही.

मी बायकोला घेऊन साताऱ्याहून इथल्या एका कॉलेजात शिकवायला आलो आणि चामराजपुरममधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला गेलो. घरमालक भाडेकरूला काय विचारतात, तर माणसं किती, मांसाहार करता का, गाडी आहे का. यांनी विचारलं, "डिझेल इंजिनाचा रंग कुठला असतो?" मी चाचरत म्हणालो, "निळा असेल. किंवा हिरवा." "बरं. आणि तेच इंजिन वर्षभर चालल्यावर?" मी म्हटलं, "मग सगळ्यांचा एकच होत असेल, मातकट." त्यांनी समाधानानं मान हलवली आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं, कॉफी आण. मेष्ट्रु इथंच राहणार." मेष्ट्रु म्हणजे मास्तर. त्या दिवसापासून मी त्यांचा मेष्ट्रु झालो आणि ते माझे काका.

त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसुरातलं, रंगाऱ्यांचं. आजोबा कापड रंगवायचे, वडिलांनी छपाईचं काम केलं, आणि काकांनी नंजनगूडच्या एका कारखान्याच्या भांडारात नोकरी केली. घरी मराठीच, पण वाक्य मराठीत सुटायचं आणि मध्येच सांधा बदलून कन्नडच्या रुळावर जायचं. ‘नोडी’, म्हणजे ‘हे बघा’, हा शब्द तर त्यांच्या बोलण्यात श्वासासारखा. "नोडी मेष्ट्रे," ते म्हणायचे, "आमच्या आजोबांनी जन्मभर कापडाला रंग लावला, डाग पडला तर शिव्या खाल्ल्या. मी डागच लावतो. सुम्मने नाही, हिशेबानं लावतो." उगाच लावलेला डाग आणि हिशेबानं लावलेला डाग यांतला फरक त्यांनी मला इतक्यांदा समजावला, की माझ्या स्वतःच्या शर्टावर सांबार सांडलं तरी मी आधी त्याच्या कडा बघायला लागलो.

नोकरीची सगळी वर्षं ते रोज सकाळी रेल्वेनं नंजनगूडला गेले आणि संध्याकाळी रेल्वेनं परतले. बस त्यांना वर्ज्य होती. तेव्हा तो मार्ग अरुंद रुळांचा होता, आणि त्यावर धावणाऱ्या लहानखुऱ्या डिझेल इंजिनांवर त्यांचा जीव जडला. बरोबरच्या कारकुनांची नावं पुढं ते विसरले, पण कुठल्या इंजिनाच्या कुठल्या दारावर पोचा होता हे विसरले नाहीत. निवृत्त झाल्यावर अमेरिकेतल्या भाच्यानं हौसेनं त्यांना तिकडच्या एका डिझेल इंजिनाचं सुंदर मॉडेल पाठवलं. काकांनी पेटी उघडली, मॉडेल डोळे भरून पाहिलं, आणि सोनाराची करवत आणून त्याचे तीन तुकडे केले. भाच्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या तुकड्यांतून त्यांनी नंजनगूडच्या गाडीचं इंजिन उभं केलं. कठडे वीणेच्या तुटक्या तारेचे. पंख्यावरची जाळी काकूंच्या चहाच्या गाळणीची. समोरच्या काचा गोळ्यांच्या पाकिटाच्या. भोंगा इंजेक्शनच्या सुईचा. आणि चालकाच्या खोलीखालचा आकडा त्यांनी एका केसाच्या कुंचल्यानं जरासा वाकडा काढला. मी तसं म्हणालो तर ते दुखावले. "वाकडाच होता. ज्यानं रंगवला तो डावखुरा असणार."

पण हे सगळं त्यांच्या लेखी पूर्वतयारी. खरी कला पुढं, मळवण्यात. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत त्यांनी ठिकठिकाणची धूळ चाळून भरली होती. एकदा आम्ही सगळे बेट्टदपुरला डोंगरावरच्या देवळात गेलो. पायऱ्या चढून माणसं वरून दिसणारा मुलूख बघत होती, आणि काका कठड्याचा सुटलेला गंज नखानं खरवडून रुमालात घेत होते. पुजाऱ्यांनी अंगारा दिला. काकांनी तो कपाळाला लावला आणि नम्रपणे आणखी एक चिमूट मागून घेतली. नवऱ्याची भक्ती वाढली म्हणून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्यानं तो अंगारा इंजिनाच्या टपावर, धूर निघतो त्या तोंडाभोवती दिसला. "तापून पांढरं पडलेलं लोखंड अगदी असंच दिसतं," काका म्हणाले. "आणि देवाचा आहे, इंजिनाला लाभेल." एकदा गंजासाठी त्यांनी काकूंची सांबारपूड वापरली. रंग हुबेहूब जमला, चार दिवस ते हवेत तरंगत होते. पाचव्या दिवशी मुंग्यांची रांग कपाटातून निघाली आणि सगळा गंज खाऊन गेली.

काकू म्हणजे या कलेच्या सख्ख्या वैरी. दिवसातून दोनदा फरशी पुसणाऱ्या, दारात रोज नवी रांगोळी घालणाऱ्या. त्यांची रांगोळीची रेघ एका श्वासात, एका जाडीची निघे. त्यांच्या स्वच्छ घरात काकांना एका कपाटापुरती आणि एका टेबलापुरती घाण करायची मुभा होती, आणि त्या टेबलाकडं काकू पाठ करूनच जात. "लोकांचे नवरे पेन्शनीत देवदेव करतात," त्या माझ्या बायकोला सांगत. "आमचे धूळ चाळतात. काय बोलायचं, अल्लवा, नाही का?" नवरात्रात म्हैसूरच्या घराघरांतून पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, तशा काकूही बसवत. वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी, खाली वाणी, वरात, बाग. काका दरवर्षी विचारत, "खालच्या पायरीवर स्वल्प जागा असेल तर इंजिन ठेवू?" काकू म्हणत, "ते काळं भूत देवापुढं? अंघोळ घाला, मग बघू."

गेल्या वर्षी काकांचा हात थरथरायला लागला. मला ते प्रथम कॉफीच्या पेल्यावरून कळलं. पेला वाटीत वाजत होता आणि ते मोठ्यानं बोलून तो आवाज झाकत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वयाचं कारण दिलं. काका हसून म्हणाले, "जुन्या डब्यात बसल्यावर हात हलायचाच," पण टेबलावरचा दिवा दिवस दिवस लागेनासा झाला. नंजनगूडचं इंजिन जवळजवळ झालं होतं. फक्त मळावर वार्निशचा एक पातळ हात फिरवायचा राहिला होता, म्हणजे तो मळ पक्का झाला असता. तेवढ्यासाठी हात स्थिर हवा होता. काका उद्यावर ढकलत राहिले.

दसऱ्याच्या दिवसांत काकू आपण होऊन म्हणाल्या, "या वर्षी तुमचं इंजिन ठेवू या. खाली नको, मधल्या पायरीवर." काकांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं. दुपारी ते कॉफीपूड आणायला बाहेर पडले आणि मी खाली दिव्यांच्या माळा लावायला आलो. मधल्या पायरीवर इंजिन होतं. हिरवंगार, लखलखीत. काकूंनी ओल्या फडक्यानं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं, रिठ्याच्या पाण्यात, ते कोपऱ्याकोपऱ्यातून धुतलं होतं, पुढं कुंकवाचं बोट लावलं होतं आणि एवढंसं शेवंतीचं फूल ठेवलं होतं. "कसं दिसतंय?" त्यांनी मला विचारलं. त्या इतक्या आनंदात होत्या की मी नुसती मान हलवली आणि दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत बसलो.

काका आले. चपला काढल्या, पुडा खाली ठेवला आणि पायऱ्यांपुढं उभे राहिले. बेट्टदपुरचा गंज, देवाचा अंगारा, नंजनगूडच्या फलाटाची तांबडी धूळ, सगळं मोरीतून वाहून गेलं होतं, आणि ते पुन्हा लावणारा हात राहिला नव्हता. मग ते काकूंकडं वळून म्हणाले, "छान दिसतंय गं. नुकतंच कारखान्यातून दुरुस्त होऊन आल्यासारखं." संध्याकाळी बाहुल्या बघायला आलेल्या बायकांना त्यांनी स्वतः इंजिन दाखवलं, भोंगा कशाचा, जाळी कशाची सगळं सांगितलं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "काका, तुम्ही काहीच कसं बोलला नाही?" ते म्हणाले, "मेष्ट्रे, एवढ्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला. आणि कसा लावला, नोडी. एक तार वाकलेली नाही."

हे असंच झाकून गेलं असतं. पण दोन दिवसांनी काकांबरोबर नंजनगूडला जाणारे एक जुने सहप्रवासी सपत्नीक आले. इंजिनापुढं ते थबकले आणि सरळ मनानं म्हणाले, "हे आपल्या गाडीचं नव्हे. आपलं एवढं गोरं कधी होतं?" काका घाईघाईनं हसले आणि राजाराणीकडं बोट दाखवून काहीतरी बोलू लागले. काकू चकल्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. पाहुणे गेल्यावर त्या जिना चढून माझ्याकडं आल्या. "मेष्ट्रे, खरं सांगा. मी काय पुसलं?"

मी सांगितलं. सौम्य करून सांगायचा प्रयत्न केला, पण अंगाऱ्याचं ऐकल्यावर त्या मटकन खुर्चीवर बसल्या. "धूळ चाळतात ते दिसायचं, इंजिनाला लावतात हे कधी बघितलंच नाही. मला वाटलं कपाटात राहून बसली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हात चालत नाही त्यांचा, आपण करून द्यावं." थोड्या वेळानं त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि विचारलं, "त्या बाटल्या कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहेत?"

विजयादशमी झाली, बाहुल्या मऊ कापडात गुंडाळून पेटीत गेल्या. इंजिन तेवढं काकूंनी बाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली गेलो तर दिवाणखान्याच्या पुसलेल्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर बाटल्या मांडलेल्या, मध्ये इंजिन, आणि काकू मांडी घालून, पदर खोचून बसलेल्या. काका खुर्चीवर अवघडून, परक्याच्या घरी आल्यासारखे. काकूंनी कुंचला उचलला आणि म्हणाल्या, "सांगा. कुठं घाण करायची?"

काकांनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं, "खालून वर. चाकापासून. तांबडी बाटली घे. अगदी स्वल्प." काकूंनी चिमटीत धूळ घेतली, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत अशी सोडली की चाकांच्या कडेला एक धूसर तांबूस पट्टा उमटला. काका पुढं वाकून बघत राहिले. "हे मला कधी जमलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. काकू म्हणाल्या, "रोज दारात तेच करते की. तुम्ही कधी बघितलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारातल्या रांगोळीपुढं हात मागं बांधून बराच वेळ उभे होते, हे मी वरून पाहिलं.

आता रोज संध्याकाळी, दिवेलागण झाली की दोघं बसतात. काकूंना मतंही फुटू लागली आहेत. "इथं धुराचा काळा नको, निळसर हवा," असं त्या म्हणतात आणि बहुतेकदा त्यांचंच बरोबर निघतं. घराजवळच्या रुळांवरून जाणाऱ्या नंजनगूडच्या गाडीचा भोंगा ऐकून दोघंही मान वर करतात. या मार्गावर डिझेल इंजिनं आता क्वचित दिसतात, असं काका हळहळत सांगतात आणि काकू ऐकून घेतात.

परवा मी ते इंजिन हातात घेऊन नीट पाहिलं. चाकांवर तांबडी धूळ, टपावर पांढरट राख, पायरीच्या कडेला बुटांनी झिजलेला रंग, डिझेलच्या टाकीवर ओघळलेला तेलकट डाग. कुठं काही म्हणून उणं नव्हतं. काकू आत दूध उतू जातंय म्हणून गेल्या होत्या. मी म्हटलं, "काका, हे तर केव्हाच पूर्ण झालंय. वार्निश मारून टाका ना, काकू मारतील."

त्यांनी इंजिन माझ्या हातातून घेतलं. दोन्ही हातांनी, कारण एका हातानं आता जमत नाही. स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "मला माहीत आहे हो मेष्ट्रे. पण संपलं म्हटलं तर ती उठून जाईल." मग काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, वर्तमानपत्रापाशी बसल्या, आणि काकांनी इंजिन त्यांच्यापुढं ठेवत सांगितलं, "हे मागचं दार बघ जरा. इथं अजून स्वल्प राहिलंय."