हौसाबाईंना खाली कोणी पाठवलं

शनिवारची शाळा साडेअकराला सुटते. चार वाजता बैठक आहे, म्हणून मी घरी न जाता ऑफिसातच थांबते. टेबलावर हात, हातांवर कपाळ. बाहेर कोणीतरी अंगण झाडतंय. आवाज जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. मग कधीतरी तो खराट्याचा राहत नाही, पाण्याचा होतो.

"बाई, डोळा लागला व्हय?"

दारात हौसाबाई उभ्या आहेत. आमच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवणाऱ्या हौसाबाई. गेल्या पावसाळ्यात नदी गावात शिरली तेव्हा त्या वाहून गेल्या. तिसऱ्या दिवशी शाळेच्याच कुंपणाच्या तारेत सापडल्या. मुख्याध्यापिका म्हणून पंचनाम्यावर मी सही केली आहे. हे सगळं मला आठवतं, तरी मी म्हणते, "या. बसा."

त्या बसत नाहीत. पदर पिळतात. पाणी पडतं, पण फरशी भिजत नाही.

"आज कसली बैठक हाय?"

"तुमची लेक छबू येणार आहे. आणि आठवीतली आश्लेषा."

महिनाभर सगळ्यांना सांगत आले तसंच त्यांनाही सांगते. पुरानंतर पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. आश्लेषाशेजारी कोणी जेवायला बसत नाही. पुरात वरच्या मजल्यावरून तिचं दप्तर आणायला हौसाबाई खाली गेल्या आणि बुडाल्या, असं गावभर झालंय. पोर बोलायचीच थांबली. म्हणून एका संस्थेच्या ताई आल्या. शिक्षा करायची नाही म्हणाल्या. गोल बसायचं. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ती सांगायची, ज्याचं माणूस गेलं त्यानं ऐकायचं, आणि पुढं कसं जगायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं.

"बरं हाय की," हौसाबाई म्हणतात. "चला, पोरं जेवायची थांबल्यात."

मी व्हरांड्यात पाऊल टाकते आणि व्हरांडा नाही, स्वयंपाकघर आहे. शेगडी पेटलेली आहे, पाण्याखाली. पातेल्यात खिचडी रटरटतेय. पाणी माझ्या कमरेपर्यंत आहे आणि थंड नाही. अंगाएवढं कोमट आहे.

खिडकीपलीकडे पोरं रांगेनं मांडी घालून बसलीत. सगळी कोरडी. एकटी आश्लेषा गळ्यापर्यंत पाण्यात. तिच्या पुढ्यातलं ताट हळूहळू गोल फिरतंय.

"ही काय सांगणार चार वाजता?" हौसाबाई विचारतात.

"की तिनं दप्तर मागितलं."

"मागितलं व्हतं. रडत व्हती. मी म्हनलं, गप, दप्तर नवं मिळतंय. गप झाली बी." त्या माझ्याकडं वळतात. डोळ्यांच्या पापण्या हलत नाहीत. "मग मी खाली कशाला गेलो, बाई?"

आम्ही जिन्यात उभ्या आहोत. वरच्या मजल्यावर एकशे बारा पोरं दाटीवाटीनं, खाली पाणी चौथ्या पायरीला. माझाच आवाज ऐकू येतो, माझ्या तोंडातून नाही, मागून, वरच्या वर्गातून. "हौसाबाई, जनरल रजिस्टर कपाटात राहिलं. पन्नास वर्षांच्या पोरांची नावं आहेत त्यात. अजून पाणी कमी आहे, तेवढं आणता?"

"आणतो की," माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हौसाबाई म्हणतात, त्या दिवशी म्हणाल्या तशाच. पदर खोचतात. उतरायला लागतात.

"जाऊ नका!" मी त्यांचा दंड धरते. हाताला लागतो तो फुगलेला, मऊ. मी सोडून देते.

"हे त्या दिवशी म्हनला न्हाईसा," त्या म्हणतात. आवाजात राग नाही. "आता मला त्याचा काय उपेग? त्या पोरीला हाय."

"छबूला कसं सांगू? गाव काय म्हणेल?"

"छबू रडंल. तुमास्नी वाट्टंल ते बोलंल. बोलू दे. अकरा म्हयनं ती दुसऱ्याच पोरीवर राग धरून बसलीया. तिला बी झोप न्हाई."

खाली आश्लेषाच्या हनुवटीला पाणी लागलंय. ती तोंड उघडते. "माझी चूक," एवढंच म्हणते आणि पाणी आत जातं. मी ओरडायला जाते. हौसाबाई पातेल्यात हात घालतात, मूठभर खिचडी माझ्या तोंडात कोंबतात आणि हनुवटी खालून दाबून धरतात.

"गिळू नगासा. चावा. मग बोला."

मी चावते.

"कणसे मॅडम, सगळे आलेत." दारात संस्थेच्या ताई. चारला पाच मिनिटं कमी. हो म्हणायला जाते तर दाताखाली करकर होते. रुमालात थुंकते. चिमूटभर गाळ, काळा, बारीक, पूर ओसरल्यावर घराघरातून आम्ही उपसला तसा.

वर्गात खुर्च्या गोल मांडल्यात. आश्लेषाच्या हातात वहीचा कागद आहे, माफी लिहिलेला. समोर छबू, पदर तोंडाला लावून. ताई आश्लेषाकडं बघून मान हलवतात. ती उभी राहते.

"आश्लेषा, बस बाळा. आधी मी बोलणार आहे." मी छबूकडं बघते. "तुझ्या आईला खाली मी पाठवलं. हिनं नाही. मी."

आश्लेषा कागदाची हळूच घडी करते. मग छबू पदर खाली घेते आणि अकरा महिन्यांत कोणीच न विचारलेलं विचारते.

"काय आणाय?"

मी सांगायला लागते. दाताखाली एक कण अजून राहिलाय, शब्दाशब्दाला करकरतो.