मागच्या दाराचा वन्स मोर

नगरपालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व फिरवणारा माणूस कुठल्याच गल्लीला आवडत नाही. पाणी आलं तर ते नळाला आलेलं असतं, आणि नाही आलं तर ते कचरूनं सोडलेलं नसतं. पहाटे हातभर लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून कचरू घराबाहेर पडे, आणि आठ वाजेपर्यंत अकरा गल्ल्यांच्या शिव्या खाऊन परत येई. शिव्यांचं त्याला काही वाटत नसे. एवढ्या सकाळी दुसरं कोण आपली आठवण काढतंय, असं तो बायकोला, भामाबाईला म्हणायचा.

पण याच पाण्यानं त्याला नाटकात नेलं. ऐन तिशीत त्याचा आवाज असा होता, की व्हॉल्व फिरवून त्यानं एकदा "पाणी सुटलंऽऽ" म्हणून आरोळी ठोकली की पलीकडच्या चौथ्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावायच्या. हौशी नाट्य मंडळाचे सेक्रेटरी रंगनाथअप्पा तिथंच राहायचे. त्यांचं सायकलचं दुकान होतं, पण जीव सगळा नाटकात. सत्तर सालच्या दिवाळीत ते कचरूला म्हणाले, "हा गळा पाण्यावर कशाला घालवतोस? संध्याकाळी थिएटरवर ये."

कचरूला वाटलं, आपल्याला काम देतायत. निदान भालदार-चोपदाराचं तरी असेल. तो अंघोळ करून, लग्नातला सदरा घालून गेला. अप्पांनी त्याला मागच्या दारावर तिकिटं फाडायला उभं केलं आणि दुसरं काम कानात सांगितलं. "शांतवन सरांचं पद संपलं की ऑर्गनवाला सूर धरून ठेवील. त्या वेळी तू वन्स मोरची आरोळी ठोकायची. आपल्या लोकांना गाणं आवडतं रे, पण पहिल्यांदा तोंड कुणी उघडायचं, तिथं सगळं अडतं."

अप्पांनी माणसं बरोबर ओळखली होती. कचरूनं मागून हाक दिली की पुढचं सगळं थिएटर जागं व्हायचं. वकील, मास्तर, व्यापारी, खुर्चीत घट्ट बसलेली मोठमोठी माणसं पोरांसारखी ओरडायची. सर पुन्हा पद म्हणायचे. घरी जाताना लोक सांगायचे, "आज तीन वन्स मोर घेतले सरांनी." कचरूला मिळायचा एक चहा, एक बटाटेवडा आणि भामाबाईसाठी पास. भामाबाई दोनदा आली आणि दोन्ही वेळा झोपली. तिचंही बरोबरच होतं, दिवसभर लोकांची धुणी धुऊन राजाराणीची दुःखं कोण बघत बसणार?

शांतवन सर मिशनच्या शाळेत शिक्षक होते. गळा चर्चमधल्या गाण्यांवर तयार झालेला. रविवारी सकाळी चर्चमध्ये गाणारे सर संध्याकाळी मुकुट चढवून पुराणातले राजे व्हायचे, आणि त्यात गावाला काही वावगं वाटत नसे. निदान बोलून दाखवण्याइतकं तरी नसे. प्रयोगाच्या आधी तोंडाला रंग लावून ते मागच्या दाराशी यायचे, कमरेच्या शेल्यातून दोन वेलदोडे काढून कचरूच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घसा जप रे कचरू." बस, एवढंच. कशासाठी जपायचा, हे सरांनी कधी सांगितलं नाही आणि कचरूनं विचारलं नाही. सव्वीस वर्षांत दोघांमध्ये 'वन्स मोर' हा शब्द एकदाही निघाला नाही.

आणि सव्वीस वर्षांत कचरूनं एकही पद धड ऐकलं नाही. ऐकणार कसं? सर पहिली ओळ म्हणत तेव्हा तो वेलदोडा चघळायचा, दुसऱ्या ओळीला दम भरायचा आणि शेवटच्या तानेवर डोळा ठेवून तोंड उघडायच्या तयारीत उभा राहायचा. लग्नातल्या वाढप्याला जिलबीची चव विचारू नये, त्यातली गत.

पंच्याण्णवच्या दिवाळीला मंडळाचा हंगाम सुरू झाला तेव्हा सगळेच थकलेले होते. सरांना एकसष्टावं लागलं होतं. कचरू छप्पन्नचा झाला होता. गुडघे कुरकुरत होते आणि चावी आता खांद्यावर नको तितकी जड वाटायची. घरोघरी केबल आली होती. तरी अप्पांनी हट्टानं तीन नाटकं लावली. एक गद्य कौटुंबिक. त्यात पदं नव्हती, त्यामुळं कचरूला ते फार आवडलं, तो दारात स्टूल टाकून बसू शकला. दुसरं मुलांचं, जंगलातल्या प्राण्यांचं संगीत नाटक. तिथं प्रत्येक आई आपल्याच सशासाठी ओरडत होती, कचरूला कुणी विचारलंच नाही. तिसरं गावातल्याच एका वकिलांनी लिहिलेलं, मयूरध्वज राजाचं. दारी आलेल्या पाहुण्याला शब्द दिला म्हणून स्वतःला करवतीनं कापून घ्यायला बसलेला राजा शेवटी एक पद म्हणतो. तो राजा अर्थातच सर.

हे नाटक टेम्पोत घालून पारनेरला नेलं, पुणतांब्याला नेलं. पारनेरला लाउडस्पीकर बंद पडला, पुणतांब्याला निम्मा पडदा फाटला. कर्जतला मात्र प्रयोग रंगला. कचरूनं नेहमीसारखी आरोळी ठोकली, लोकांनी उचलून धरली, सरांनी शेवटचं पद पुन्हा म्हटलं, आणि लोक ऐकेनात म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं. पडदा पडल्यावर कचरू आत चहा घेऊन गेला तर सर करवतीच्या खोक्यावर बसलेले. मुकुट मांडीवर, ओठ काळेनिळे, घामानं रंग ओघळून गळ्यात आलेला. त्यांनी हातानंच 'थांब' अशी खूण केली. कपातला चहा गार झाला तरी त्यांना बोलता आलं नाही.

घरच्या थिएटरात, नगरला, शेवटचा प्रयोग मार्चमधल्या एका रविवारी दुपारी चारचा ठरला. त्याआधीच्या मंगळवारी, कचरू सरांच्या गल्लीतला व्हॉल्व फिरवत होता तेव्हा सरांची बायको जवळ येऊन उभी राहिली. एलिझाबेथ सिस्टर, तीस वर्षं दवाखान्यात नर्स. हातात बादली होती, पण ती भरायला आलेली नव्हती.

"कचरूभाऊ, कर्जतला काय झालं ते मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. हे काही बोलले नाहीत."

कचरू चावीला धरून उभा राहिला. "मी बगितलं, सिस्टर. लई वाईट बगितलं."

"डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलंय. हे ऐकत नाहीत. रविवारी एकदा गातील, ते मी देवावर सोडलंय. पण पुन्हा म्हणायला लावू नका हो. तुम्ही ओरडला नाहीत तर कुणी ओरडत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे." आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या धरलेली बाई ती, पण कचरूचा ओला हात तिनं घट्ट धरला. "आणि मी सांगितलं म्हणून त्यांना कळू देऊ नका. अपमान वाटला तर मुद्दाम गातील. शब्द द्या मला."

कचरूनं शब्द दिला. न देऊन करतो काय?

पण शनिवारी तालमीच्या शेवटी सर अप्पांना म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, म्हणजे दारात झाडू मारणाऱ्या कचरूलाही ऐकू जावं, "अप्पा, उद्या लोकांनी शेवटच्या पदाला वन्स मोर दिला, तर पुढच्या दिवाळीलाही मी उभा राहणार. नाही दिला, तर मुकुट पेटीत. मग मला बोलवायला यायचं नाही."

अप्पा हसले. "देतील हो. कधी दिला नाही?"

रविवारी साडेतीनला सर मागच्या दाराशी आले. कमरेच्या शेल्यातून त्यांनी दोन नाही, चार वेलदोडे काढले आणि कचरूच्या हातावर ठेवले. "घसा जप रे कचरू," ते म्हणाले आणि नेहमीसारखे लगेच वळले नाहीत. मोठ्या माणसानं लहान माणसाकडं काही मागायचं आणि मागितलं असं दिसू द्यायचं नाही, याच्याइतकं अवघड काम नाही. कचरूनं मूठ मिटली आणि मान खाली घातली. इकडं आड, तिकडं विहीर.

थिएटर जेमतेम एक तृतीयांश भरलं होतं. क्रिकेटचा विश्वचषक नुकताच संपला होता, म्हणून निदान तेवढे तरी आले असावेत. पहिल्या अंकातल्या पदाला कचरू गप्प राहिला. दुसऱ्या अंकातही राहिला. अप्पा विंगेतून हातवारे करत होते. वेलदोडे त्यानं तोंडात टाकलेच नाहीत, सदऱ्याच्या खिशात तसेच ठेवले.

मग शेवटचं पद आलं. राजा करवतीखाली बसला. सरांनी पहिली ओळ उचलली आणि कचरूच्या लक्षात आलं, की आज आपल्याला काही काम नाही. दम भरायचा नाही, तान मोजायची नाही. नुसतं उभं राहायचं. म्हणून तो ऐकायला लागला.

सरांचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. ताना त्यांनी सोडूनच दिल्या होत्या. ओळ अर्ध्यावर आली की श्वास संपायचा, ते थांबायचे, आणि उरलेली ओळ हळूच, कुणाला तरी परत करावी तशी खाली ठेवायचे. राजा सगळं देऊन बसला होता आणि आता फक्त शब्द उरले होते, तेही देत होता. कचरूला आपली मेलेली आई आठवली, तिनं शेवटी शेवटी पाणी मागितलेलं आठवलं, आणि का ते कळेना, पण अंगावर काटा आला. सव्वीस वर्षं हा माणूस हे गात होता आणि आपण मागं उभं राहून काय करत होतो, असं त्याला वाटलं. त्याला रडू आलं. ते पद संपूच नये असं वाटलं.

पद संपलं. ऑर्गनवाल्यानं रिवाजाप्रमाणं सूर धरून ठेवला. तबलजीचा हात वरच्या वर थांबला. सरांनी दोन्ही हात जोडले होते आणि ते सरळ मागच्या दाराकडं बघत होते. पुढच्या रांगेतली दोन-चार जुनी डोकी वळली, तीही दाराकडंच. सगळं थिएटर कचरूची वाट बघत होतं.

आणि त्या वेळी कचरूच्या छातीतून आरोळी खरंच वर आली. कुणी सांगितलेली नाही, वड्याची नाही, वेलदोड्याची नाही. त्याची स्वतःची. त्याला ते पद पुन्हा हवं होतं, आयुष्यात दुसरं काही मागितलं नसेल इतकं हवं होतं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, तोंडात कोंबला आणि दाताखाली दाबून धरला.

सूर बराच वेळ चालला. मग ऑर्गनवाल्याचे पाय थकले असतील, सूर बंद झाला. सरांचे जोडलेले हात खाली आले आणि नाटक पुढं सरकलं. शेवटी देव प्रसन्न झाला, राजा जिवंत झाला, टाळ्याही पडल्या. बऱ्यापैकी पडल्या.

कचरू चहा न घेता घरी गेला. भामाबाईनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

"काय झालं? कुनी बोललं का?"

"न्हाई. आज गानं ऐकलं," कचरू म्हणाला. "लई भारी गात्यात गं सर. मला ठावंच नव्हतं."

गुरुवारी पाण्याच्या वेळेला सर स्वतः गल्लीच्या तोंडाशी आले. लेंगा, बनियन, चेहऱ्यावर रंग नाही. असे ते बरेच म्हातारे दिसत होते. कचरूनं चावी व्हॉल्वमध्ये अडकवली होती, ती तशीच राहिली.

"घसा बसला होता का रे तुझा रविवारी?" त्यांनी विचारलं.

किती सोपं होतं! 'व्हय सर, बसला हुता' म्हटलं असतं की सरांचा चेहरा उजळला असता. पण मग पेटीतला मुकुट दिवाळीला बाहेर आला असता. कचरूनं त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं. एलिझाबेथ सिस्टर दारात उभी होती, चौकट धरून.

"न्हाई सर. घसा बरा हुता."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं तू ओरडलास, ते अप्पांनी सांगितलं म्हणून. मला काय ठाऊक नव्हतं? पण रविवारी गप्प राहिलास, ते तुझं तू ठरवून राहिलास. तेवढं एक खरं." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "मला राग नाही रे. तोंडावर सांगायला कुणीतरी हवंच होतं. संपलं ना माझं गाणं? तूच सांग. तू सगळ्यांत जास्त ऐकलंयस."

कचरूच्या सदऱ्याच्या खिशात ते चार वेलदोडे अजून होते. त्यानं त्यांच्यावर हात ठेवला. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "कचरू, पाणी सोडतोस का झोपलास?"

"व्हय सर," कचरू म्हणाला. "संपलं."

एवढे दोन शब्द बाहेर काढायला त्याला जो जोर लागला, तो सव्वीस वर्षांतल्या एकाही आरोळीला लागला नव्हता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "बरं झालं सांगितलंस," म्हणाले आणि घराकडं वळले. मग कचरूनं दोन्ही हातांनी चावी धरली आणि पाणी सोडलं.