घोडीची लघवी, गाळून उकळून

बाटलीला कुंकू लावलेलं होतं. कोगनोळीकडच्या एका मळ्यातून ती बसच्या कंडक्टरजवळ दिली होती. उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या लॅबमध्ये पोचली तेव्हा आतली लघवी पाण्यासारखी स्वच्छ होती. मला बरं वाटलं. घोड्याची लघवी मुळातच गढूळ असते आणि चिकटही. मशीनला लावण्याआधी ती गरगर फिरवून गाळ खाली बसवावा लागतो. ते काम माझ्याकडे असतं.

मी सातवीतून शाळा सोडलेला. जालन्याकडून इथं फाउंड्रीत कामाला आलो. भट्टीची धग सोसेना, तेव्हा जवळच्याच गल्लीतल्या या जनावरांच्या लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी मला बाटल्या धुवायला ठेवून घेतलं. पुढं हळूहळू मशीनजवळही उभं केलं. त्यांचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत. तरी अजून त्या "जरा आत या" म्हणाल्या की मला वाटतं, आज कामावरून काढणार. बहुतेक वेळा त्या चहा घेणार का, एवढंच विचारतात.

ही घोडी घोडागाडीच्या शर्यतीत पळणारी. तिचा पाय सुजला होता. कुणीतरी लागोपाठ दुखणं थांबवायची इंजेक्शनं दिली. सूज उतरली, पण घोडी मलूल झाली, पाण्याला तोंड लावेना. मालक आप्पांना रविवारच्या शर्यतीच्या मैदानाआधी अजून एक इंजेक्शन हवं होतं. बाई म्हणाल्या, ही इंजेक्शनं किडनीला बाधतात, आधी लघवी बघू.

बाईंनी मला सांगितलंय ते असं. किडनीच्या बारीक नळ्यांच्या अस्तरात एक एन्झाइम असतं. अस्तर खरवडलं गेलं की ते लघवीत उतरतं. रक्तात बिघाड दिसेपर्यंत उशीर होतो, लघवी आधी बोलते. ते मोजायचं तर लघवीत एक औषध घालतात आणि पिवळा रंग किती झपाट्यानं चढतो ते मशीन बघतं. मुळात पिवळ्या लघवीत पिवळा रंग कसा बघायचा, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी गिळून टाकला. मशीनला तो पडत नाही.

या बाटलीत रंग चढलाच नाही. मी घाबरून परत लावलं. परत तेच. दुसऱ्या घोड्याची जुनी लघवी लावली तर रंग नीट आला.

"लघवी खरी आहे, बाकी सगळं जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "पण एन्झाइम नावालाही नाही. निरोगी घोडीतसुद्धा थोडं असतंच."

फोनवर आप्पा खूश झाले. "शून्य म्हंजे रोगबी शून्य की, म्याडम! टोचू का मग?"

"टोचू नका. आमचा माणूस येतोय. त्याच्यासमोर नवी बाटली धरा."

माणूस म्हणजे मी. बर्फाचा डबा मोटारसायकलला बांधून निघालो. रस्ताभर एकच विचार, चूक माझीच निघाली तर?

गोठ्यात आप्पांच्या पत्नी, आक्का, होत्या. बाटली कशी भरली होती, असं मी विचारलं.

"कशी म्हंजे? आठ पदरी फडक्यातनं गाळली, एक उकळी दिली, गार केली. गाईचं आम्ही तसंच करतोय. डॉक्टरला घाण पाठवायची व्हय रं?"

"आक्का, उकळल्यावर ते एन्झाइम मरतं."

"मग आधी सांगायचं न्हाय?"

सांगितलं नव्हतं, हे खरंच. लघवी उकळू नका, असं कुणाला सांगावं लागेल हे लॅबमध्ये कुणाला सुचलं नव्हतं.

आता घोडी लघवी करेपर्यंत थांबायचं. तिच्याखाली कोरडं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरलं. घोडीला शिट्टी ऐकायची सवय होती, शिट्टी वाजली की मोकळी व्हायची. आप्पांनी तोंडाचा चंबू केला. नुसती हवा आली.

"कवळी बसवल्यापास्नं जमंना. तू वाजीव की."

मी प्रयत्न केला. माझं तोंड भीतीनं कोरडं पडलेलं. माझीही हवाच आली. घोडी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

"तुमच्या जालन्यात शिट्टी वाजवत न्हाईत व्हय?" माझं गाव आधीच विचारून घेतलेले आप्पा म्हणाले.

आक्का भिंतीकडं वळल्या, तोंडावर पदर घेतला, आणि लांब, संथ शिट्टी घातली. घोडीनं पाय फाकवले. मी धावत जाऊन बाटली धरली.

आप्पा बघतच राहिले. "ही कवा शिकलीस?"

"पयली बाटली कुणी भरली म्हणून समजतासा?"

बाटली गोठू नये म्हणून कागदात गुंडाळून बर्फापासून वेगळी ठेवली. हायवेवर एका कानडी पोलिसानं डबा उघडायला लावला. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी सांगितलं काय आहे ते. त्यानं झाकण स्वतःच लावलं. "होगप्पा, होगु." जा बाबा, जा.

यावेळी पिवळा रंग असा चढला की मी मशीन बंद पडेल म्हणून घाबरलो. बाईंनी फोन लावला. इंजेक्शन बंद, शर्यत बंद, सलाईन सुरू करा. पळवली तर किडनी जाईल.

आप्पांनी एवढंच विचारलं. "गाव काय म्हणंल, म्याडम?"

मागून आक्कांचा आवाज आला. "गाव पाणी पाजतंय व्हय तिला? न्हाय पळवत म्हणून सांगा."

रविवारी मला चैन पडेना. फोन करायचं माझं काम नव्हतं, तरी केला. आक्कांनी उचलला. आप्पा मैदानाला गेलेत का, विचारलं.

"न्हाय. गोठ्यात बसल्यात, कवळी काढून. शिट्टी घालून बघाय लागल्यात."

"आणि घोडी?"

"सकाळी जरा पाणी पिली."

काही आठवड्यांनी तिसरी बाटली आली. गढूळ, चिकट, वर पिंजराची काडी. मी ती बाईंना नेऊन दाखवली. त्या म्हणाल्या, "छान." गाळ बसवून मशीनला लावली. पिवळा रंग अगदी सावकाश चढला, चांगल्या घोडीचा चढतो तसा. कळवायला बाईंनी मलाच सांगितलं.

किडनी सावरली, असं मी आक्कांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं,

"घाण होती न्हवं नीट?"

"लई," मी म्हणालो.