गार लोखंड

माझी बायको कोंडा जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून देव्हाऱ्यात दिवा लावला नव्हता, आणि भर दुपारी दाराला कडी घालून बसायचो. देवीशी भांडण धरलं होतं. ज्या हातानं एकदा राखलं, त्याच हातानं का नेलं, एवढंच विचारायचं होतं. माझी शाळा दोन इयत्तांची. झालं तसं लिहितो, पटवून द्यायला बसलो नाही.

निजामाचं राज्य होतं. ढोकीच्या अलीकडं तेरणेवर लोखंडी पूल उभा राहत होता आणि मी तिथं घण मारायचो. रिपीट, म्हणजे जोडाची लोखंडी खुंटी, भट्टीत लाल करायची आणि लाल असतानाच ठोकायची. काळी पडली की ती दिसायला घट्ट बसते, पण जोड धरत नाही. म्हणून घण मारणाऱ्यानं स्वतःच "काळी!" असं ओरडून ती बादलीत टाकायची, हा चाँद मिस्त्रीचा कायदा. ओरडलं की टोळी हसायची. त्या सांजेला माझ्या तीन काळ्या झाल्या. कोंडाचा एकुलता भाऊ सिद्राम आमच्याच टोळीत. तो म्हणाला, "दाजी, घण झेपंना व्हय? अक्काला धाडू का मदतीला?" मला लई झोंबलं. पुढच्या दोन काळ्या पडल्या तरी मी ओरडलो नाही, तशाच ठोकल्या. त्या परांचीच्या टेकूत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेकूवर फळी टाकून सिद्राम उभा राहणार होता. मिस्त्री रोज हातोडीनं एकेक रिपीट वाजवून बघायचा; जोड धरलेली टण् वाजते, न धरलेली थप्. माझ्यापाशी आला, "तेरा क्या देखना?" म्हणाला आणि पुढं गेला. मी तेव्हाही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी बरोबर दुपारी बारा. आम्ही बाभळीखाली कोंडानं आणलेली भाकरी खात होतो. ती एकदम म्हणाली, "अवो, वर कोण ठोकतंय?" मी म्हटलं, "कोण न्हाय. सगळी इथंच हायत." मग मलाही ऐकू आलं. टण्. टण्. वर बघितलं तर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी गर्डरवरून अनवाणी चालली होती. त्या लोखंडाला हात लावला तर कातडी निघावी, असं ऊन. ती एकेका रिपिटीशी वाकायची, बोटाच्या पेरानं ठोकायची आणि पुढं व्हायची. सिद्रामला दाखवली. तो म्हणाला, "कुठं? ऊन लागलंय दाजी तुमाला." आणि हात पुसत कामाला उठला.

म्हातारी टेकूपाशी आली. थप्. परत ठोकलं. थप्. तिनं लोखंडाला कान लावला आणि माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा आठवत नाही. बघणं आठवतं.

मी सिद्रामच्या आधी धावत वर चढलो. तिथं कोणी नव्हतं. सगळा गर्डर तव्यासारखा तापलेला, पण त्या दोन रिपिटींवर तळवा ठेवला तर विहिरीच्या तळातल्या दगडासारख्या गार. मागं सिद्रामनं फळीवर टाकायला पाय उचलला होता. मी ओरडलो, "थांब! काळ्या हायत! दोन्ही काळ्या!"

मिस्त्रीनं छिन्नीनं एका रिपिटीचं डोकं उडवलं. रिपीट छिन्नीच्या टोकानं ढकलली तशी सुटून खाली खडकावर वाजली. "कायकू छुपाया रे?" मी म्हातारीचं सांगितलं. त्यानं दुसऱ्या रिपिटीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. म्हणाला, "जिसने बताया, उसको सलाम कर." मी येरमाळ्याच्या दिशेला, आमच्या देवीला, येडाईला हात जोडले. कोंडा म्हणाली, "मला दिसली न्हाय. नुसती ऐकू आली."

आणि तीन महिन्यांमागं, तापानं निपचित पडलेली कोंडा भर दुपारी डोळे उघडून म्हणाली, "अवो, वर कोण ठोकतंय?" वर नुसता पत्रा. मलाही ऐकू आलं. टण्. टण्. एका खिळ्यावरून दुसऱ्यावर, खाटेकडं येत होतं. मी थप् व्हायची वाट बघत राहिलो. म्हणजे कुठं चुकलंय ते कळलं असतं, ओरडलो असतो. थप् झालंच नाही. खाटेच्या बरोबर वर आवाज थांबला. हातातला तिचा हात गार झाला. तो गारवा माझ्या ओळखीचा होता.

पुलावर ओरडणं माझ्या हाती होतं. इथं माझ्या हाती काही नव्हतं, आणि हेच मला तीन महिने कळत नव्हतं. तिचं काही ढिलं राहिलं नव्हतं. तपासणारीनं तपासून नेलं. सिद्राम अजून येतो, बहिणीसाठी ओसरीवर बसून रडतो. तिच्यामागं रडायला तिचा भाऊ राहिला, हेही येडाईचंच देणं.

काल दिवा लावला. भांडण मिटलं असं म्हणत नाही. पण दुपारी आता दाराला कडी घालत नाही.