तळटीपेशेजारचा अंगठा

कपाट उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. पुरस्काराची शाल त्या वासात कधीपासून घडी घालून पडली आहे. थंडीतसुद्धा ती अंगावर घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. तिच्या घडीत इतिहासाच्या एका त्रैमासिकाचा अंक आहे. वर्षातला सर्वोत्कृष्ट शोधलेख म्हणून ज्याला पारितोषिक मिळालं, तो माझा लेख त्या अंकात आहे. काल एका संशोधक मुलीची ई-मेल आली म्हणून अंक बाहेर काढला, आणि तळटीप शोधताना पानाच्या कडेशी माझं बोट थबकलं. तिथं वाळलेल्या गाळाचा एक अंगठा उमटलेला आहे. इतकी वर्षं झाली, पण त्याच्या रेषा अजून दिसतात.

तेव्हा मी संगमनेरला कॉलेजात शिकवत होते. तालुक्यातल्या एका खेड्यात ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्याच्या पाण्याच्या पाळ्यांची एक मोडीतली यादी मला मिळाली होती. कुठल्या पट्टीला कुणामागून पाणी द्यायचं, एवढंच तिच्यात होतं. मोडी मला बरी येते, त्यामुळे यादी वाचायला वेळ लागला नाही. जमिनीशी मात्र ती काही केल्या जुळेना. यादीतली पहिली पट्टी चिंचेखालची. मी बंधाऱ्यापाशी चिंच शोधत फिरायची आणि चिंच उभी होती पार खाली, शिवेला लागून. दोन उन्हाळे मी त्या रानात पाय भाजून घेतले. शेवटी, यादी लिहिणाऱ्या कारकुनानेच घोळ घातला असणार असं मनाशी ठरवून मी मोकळी झाले. आम्ही इतिहासवाले हट्टी. आपलं चुकत असेल हे आम्हाला सर्वांत शेवटी सुचतं.

त्या गावचे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी पाळीनं सोडणारे, एक म्हातारे गृहस्थ होते. चौथीपर्यंत शिकलेले, काटक, बोलायला सावकाश. गावात कुणाचं कुणाशी पटो न पटो, पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. माझी वणवण ते लांबून पाहत असत. एके दिवशी खांद्यावरचं फावडं खाली ठेवून त्यांनी यादी वाचून दाखवायला सांगितली. मी पहिली चार नावं वाचली असतील, तोच ते हसले.

"बाई, तुमी वरून चालताय. पानी खालून द्यायचं असतंय. वरच्याचं रान पाटाच्या तोंडाशीच हाय, त्यो कवाबी घेईल. खालच्याला आधी न्हाई दिलं, तर त्याच्यापतुर पानी पोचतंय कुठं?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघं चिंचेपासून वर चालत गेलो. एकेक पट्टी यादीतल्या क्रमानंच पुढे येत गेली. तेव्हाचा तो आनंद मला पुढे कुठल्याच व्यासपीठावर मिळाला नाही.

लेख मी त्याच ऊर्मीत लिहिला. पाटकऱ्यांच्या बोलण्याची टीप द्यायची वेळ आली, तेव्हा हातून लिहिलं गेलं: 'स्थानिक माहितगाराच्या सांगण्यानुसार.' हेतू वाईट नव्हता, आणि हेच जास्त वाईट. आमच्या शास्त्राची ती रीतच होती. ग्रंथाला लेखकाचं नाव, कागदाला दप्तराचा क्रमांक, आणि बांधावरच्या माणसाला नुसतं 'माहितगार'. पारितोषिकाच्या समारंभात परीक्षकांनी माझ्या 'मूळ कागदाच्या अभिनव वाचना'चं कौतुक केलं. मी मान लववून शाल घेतली. चार शब्द बोलायला मिळाले होते. त्यांत मी सगळ्यांचे आभार मानले आणि नेमके पाटकऱ्यांचे राहिले.

पुढच्या आठवड्यात अंक आणि पेढे घेऊन मी गावी गेले. ते पाटात उतरून गाळ काढत होते. हात झटकून वर आले, पेढा तोंडात टाकला आणि लेख वाचायला सांगितला. खाली-वर कसं उलगडलं ते पान मी वाचलं. ऐकताना ते मान डोलवत राहिले, मग हे कुणी सांगितलं म्हणून लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. मी तळटीप दाखवली. ओळ हरवू नये म्हणून शेजारी ओला अंगठा दाबून, एकेक अक्षर लावत त्यांनी ती वाचली.

"माहितगार म्हंजी मी का?"

मी हो म्हटलं.

"मंग नाव घालायचं हुतं की. मला मिरवायचं न्हाई, बाई. पन उद्या कुनी म्हनलं, हे खोटं हाय, तर त्यानं कुनाला इचारायचं?"

एवढं बोलून ते पुन्हा पाटात उतरले. मला इतकी लाज वाटली की परतीच्या एसटीत मी अंक उघडलाच नाही. तळटीप कशासाठी असते, हे वर्गात मी दरवर्षी सांगत होते; त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं. दुरुस्ती पाठवीन असं मी मनाशी ठरवलं, मग पुस्तकात सविस्तर घेईन असं ठरवलं. पुस्तक झालं नाही. मधल्या काळात ते गेले. बंधारा गाळानं भरला, रानात ठिबकच्या नळ्या आल्या आणि पाळ्या मोडल्या.

कालची ई-मेल अगदी नम्र आहे. पाटाच्या शेवटच्या पट्टीपासून पाणी देत, याला यादीत आधार दिसत नाही, असं ती मुलगी लिहिते. तुमचे माहितगार कोण होते, त्यांना भेटता येईल का, असं विचारते. तिचं काहीच चुकलेलं नाही. मीही हेच विचारलं असतं.

रात्रभर राहिलेलं उत्तर आज सकाळी लिहिलं. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पहिल्याच ओळीत लिहिलं. ते आता भेटणार नाहीत आणि तेव्हा नाव न देण्याची चूक माझी, हेही लिहिलं. तोच मजकूर त्रैमासिकाकडे दुरुस्ती म्हणून पाठवला आहे, सोबत त्या पानाचा अंगठ्यासकट फोटो. इथं मात्र ते नाव मी लिहीत नाही. ज्या जागी ते पहिल्यापासून असायला हवं होतं, तिथं ते आधी पोचू दे.