गार की कोमट

हिवाळा सरत आला होता, पण जाता जाता चावे घेत होता. रात्री पडलेल्या दवाचा पहाटे पांढरा बर्फ झाला होता आणि क्लबच्या फुटबॉल मैदानावरचं गवत पायाखाली कुरकुरत होतं. गोलापुढची जागा खेळून खेळून टक्कल पडलेली. तिथं माळ्यानं खुरप्यानं तीन बोटं खोल, पाऊल मावेल एवढा खड्डा उकरला आणि बायकोला म्हणाला, “हं, काढ चपला.”

तिनं चपला काढल्या, मोजे काढून कमरेला खोचले आणि उजवं पाऊल खड्ड्यात ठेवलं. गारठा टाचेतून पोटरीत चढला.

“टाच टेक नीट. अंगठ्यावर काय उभी राहतेस, नाचायचंय?”

तिनं टाच टेकली.

“गार की कोमट?”

“गार.”

“नुसती गार की मरणाची?”

“कालसारखीच. मरणाची.”

“चल मग, त्या गोलाकडं.”

गवताचं बी हवा बघून पेरायचं नसतं, माती बघून पेरायचं असतं. हवा दोन दिवसांत मवाळ होते. माती आपली सावकाश तापते. गार मातीत टाकलेलं बी एक तर कुजतं, नाही तर चिमण्यांच्या पोटात जातं. म्हणून क्लबनं मातीत खुपसायचा थर्मामीटर दिला होता. माळ्यानं त्याच थर्मामीटरनं दगड उचकटायला घेतला आणि तो मोडला. सेक्रेटरीनं विचारलं तर छाती काढून सांगितलं, “साहेब, ती काडी तुमच्यासाठी. मला माझे तळवे आहेत.” साहेब खूश. कुणी पाहुणा आला की माळ्याला अनवाणी उभा करायचे आणि कौतुकानं बघायचे.

पुढं साखरेच्या दुखण्यानं माळ्याचे तळवे मेले. एकदा कढत पाण्याच्या बादलीत पाय घालून बसला. कातडी सुटून वर तरंगायला लागली तरी हा आपला बातम्या ऐकतोय. डॉक्टरनं बायकोला बजावलं, “रोज ह्यांचे तळवे बघत जा. जखम झाली तर ह्यांना कळायची नाही. आणि कळेल तेव्हा पाय कापायची वेळ आलेली असेल.” तेव्हापासून सकाळी तिचे पाय आणि दुपारी तिचे डोळे, असा त्याचा कारभार चालला होता. हे बाहेर फुटलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर मैदानाच्या गॅलरीमागच्या क्लबच्या दोन खोल्याही. तिचा शब्द त्यानं कधी दुसऱ्यांदा तपासला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

त्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. “मावशी, आईचं काही खरं नाही गं. सारखं तुझं नाव घेतेय. ये लवकर.”

थोरल्या बहिणीनं तिला वाढवलं होतं. आई गेल्यावर तिची वेणी थोरलीनं घातली, तिच्या उवाही तिनंच काढल्या.

“अहो, दोन दिवस जाऊन येते.”

“आणि माती कोण बघणार? तुझा बाप?” माळी पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणाला. “पेरणी होऊ दे, मग खुशाल जा. तुझी बहीण काय, कायम मरायलाच टेकलेली असते. थांबेल की चार दिवस.”

त्याच दुपारी सेक्रेटरी नुसत्या शर्टात आला. “काय ऊन पडलंय! पेरा आता. नसेल जमत तर मशीनवाली कंपनी दारात उभी आहे.” माळ्यानं हसून वेळ मारून नेली, पण घरी आला तो तोंड पाडून. मग काय, तिच्यावरच उखडला. “पाय आहेत का म्हशीचे खूर? नीट सांगत जा!”

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाय ठेवला तेव्हा ‘कोमट’ अगदी तिच्या जिभेवर आलं होतं. एक शब्द बोलायचा की संध्याकाळची गाडी. पण बी कुजलं असतं, मैदान बोडकं राहिलं असतं आणि दोघांचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं.

“गार,” ती म्हणाली.

त्याच्या पुढच्या दिवशीही गारच म्हणाली.

मग एक सकाळ अशी उगवली, की दव होतं पण बर्फ नव्हता. ती खड्ड्यात उभी असताना माळ्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं ऐकलं, “बरं, बरं,” म्हणाला आणि फोन परत खिशात घातला.

“कोणाचा?”

“तुझ्या भाच्याचा. थोरली गेली, रात्री.” त्यानं नाक शिंकरलं. “चला, आता घाई नाही. टाच टेक.”

तिची टाच वरच राहिली.

“टेक म्हणतो ना! गार की कोमट?”

तिनं टाच टेकली. बोटांच्या बेचक्यात माती उबदार होती, नुकतं कुणी अंथरुणातून उठून गेल्यासारखी.

“कोमट,” ती म्हणाली. ते खरं होतं.

माळी लहान पोरासारखा हरखला. दुपारपर्यंत मातीला भोकं पाडायचा खिळ्यांचा रूळ फिरवला, बी फेकलं, वरून दाताळं ओढलं. सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी येऊन तो खुर्चीत पसरला, पाय तिच्या पुढ्यात टाकले आणि डोळे मिटले.

“आता जायचं तर जा बाई. पण जाऊन भेटणार कुणाला, म्हणा!” स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. “बघ गं पाय.”

तिनं बूट ओढला. तळ फोडून रुळाचा तुटका खिळा आत बोटाच्या पेराएवढा वर आला होता. मोजा तांबडा, चिकट झाला होता. तळव्याला मधोमध भोक पडलं होतं आणि त्यात माती गेली होती, गवताचं एक बीही.

तिनं पाय हातात धरून बराच वेळ पाहिला.

“आहे का काही?”

“काही नाही,” ती म्हणाली.

“हं.” एवढ्यात तो घोरायलाही लागला.

तिनं त्याच्या पायात धुतलेला मोजा चढवला. दुसराही बूट काढला आणि जोडी दाराशी लावून ठेवली, खिळ्यासकट, जशी होती तशीच. मग तांबडा मोजा घेऊन मोरीत गेली. रक्ताचा डाग गरम पाण्यानं पक्का बसतो. तिनं गार पाण्याची तोटी सोडली आणि मोजा चोळायला घेतला.