दह्यानं मोजलेली दिल्ली

आईला किलोमीटर कळत नाहीत, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ती अंतर दह्यानं मोजते. कुणाकडं जायचं असलं की निघताना म्हशीच्या कोमट दुधात विरजण घालायचं, डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचा आणि पोचल्यावर झाकण उघडायचं. कागलच्या मावशीकडं दूधच पोचतं. पुण्यात दही नुकतंच लागलेलं असतं. मुंबईला आंबट झालं, म्हणून मुंबई लांब. त्यापलीकडं ती कधी गेलीच नाही.

माझी धाकटी बहीण दिल्लीत असते. पहिलं बाळंतपण माहेरी, कोल्हापूरला करायचं ठरलं होतं. पण आठव्या महिन्यात डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केला. आता आईनं तिकडं जायला हवं होतं, आणि आई जागची हलेना.

"लई लांब हाय रं. दही आंबून जाईल."

मी मोबाइल काढून दाखवला. पुणे ते दिल्ली, विमानानं दोन तास आणि वर थोडी मिनिटं.

"आन घरातनं घरात?"

"बारा तास," मी जरा खालच्या आवाजात म्हणालो.

"इमान दोन तास उडतंय, मग बाकीचं धा तास काय करतंय?"

विमान काही करत नाही, पुण्यापर्यंतची बस आणि विमानतळावरच्या रांगा करतात, हे मी तिला समजावलं. तिनं चष्मा काढून ठेवला. तो काढला की विषय संपला. मी चिडलो. विमानाला घाबरतेस म्हणून सरळ सांग, असंही बोलून गेलो. त्यावर ती म्हणाली, "तू जाऊन ये आधी. दही घेऊन जा. ग्वाड पोचलं तर बघू."

थंडीचे दिवस होते. पहाटे तिनं डबा माझ्या हातात दिला आणि हलवू नकोस म्हणून तीनदा बजावलं. बसमध्ये मी तो मांडीवर धरून बसलो. शेजारच्यानं आत काय आहे विचारलं. दिल्लीला दही नेतोय म्हटल्यावर तो खिडकीबाहेर बघत राहिला. विमानतळावर मात्र डबा मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये ठेवून द्यावा लागला. सरकत्या पट्ट्यावर बॅग आडवी होऊनच गेली.

संध्याकाळी बहिणीच्या स्वयंपाकघरात झाकण उघडलं. कडेला थोडं पाणी सुटलं होतं, मध्ये दही घट्ट होतं. तिनं चमच्याची वाट न बघता बोट घातलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू घेऊन तिनं आईला फोन लावला. "ग्वाड हाय गं आई."

"मग माझं तिकीट काढ म्हणावं त्याला."

मी इतका खूश झालो की तिकीट काढूनच टाकलं. मग शंका आली. मुंबईला आंबणारं दही दिल्लीला गोड कसं? फोन घेऊन विचारलं, "विरजण किती घातलं हुतंस?"

"वाटाण्याएवढं. गार दुधात."

"आन मुंबईला जाताना?"

"चमचाभर."

"मग ही लबाडीच की."

"व्हय की," आई म्हणाली. "पोरगी तिथं वाट बघत बसलीया. दिल्ली लांब ठिवून चालंल व्हय?"